बिनचहाच्या मॅडम

धारूरच्या घाटात एक पांढरी जीप बोनेट उघडून उभी व्हती, आन तिच्या सावलीला एक बाई फाइल छातीशी धरून. म्या दुधाची गाडी थांबवली. मी हरिबा, दूध संघाचा डायवर. केबिनमधी संगं आमचा सेक्रेटरी उत्तरेश्वर व्हता. बत्तीस वर्साचा गडी, बिनलग्नाचा.

बाईनं इचारलं, धारूरला सोडता का. उत्तरेश्वर मधी सरकला, ती खिडकीला बसली. मागं रिकाम्या कॅनी खडखड करायल्या. पंधरा सालची गोष्ट. दसरा जवळ आलता आन डोंगरावरच्या सीताफळांनी पानं टाकून दिलती.

कॅनी रिकाम्या कावून, असं तिनं इचारलं आन आमच्या सेक्रेटरीचं तोंड सुटलं. एरवी दिसाला चार शब्द बोलणारा माणूस. म्हणला, दोन हजार लिटरचं दूध सातशेवर आलंय. संघानं चारा छावणी काढलीय, पर चारा इकत आणायला कर्ज पायजे. बँक म्हणती, आदी पुण्याच्या कंपनीकडून तुमची पत ठरवून आणा. ती कंपनी माणूस धाडती, तो दोन दिवस बघतो आन अक्षरं देऊन जातो. इंग्रजीतले तीन बी दिले तर स्वस्तात कर्ज. दोन बी दिले तर बँक तोंड फिरवती, आन दिवाळीच्या आत निम्म्या गाई बाजारात.

"पण रिझर्व बँकेनं आत्ताच व्याजाचा दर अर्धा टक्का खाली आणला ना?" बाई म्हणली.

"मॅडम, धरणातून पाणी सोडलं की पेपरात येतं," उत्तरेश्वर म्हणला. "ज्याचं रान कालव्याच्या शेवटाला, त्यानं पेपरच वाचायचा."

ती हसली. तोंड खिडकीबाहेर केलं, पर आरशात मला दिसलं.

"आणि ती अक्षरं देणारी माणसं कशी असतात?"

"एसीत बसलेली. गाईचं तोंड कोणतं आन शेपूट कोणतं, तेबी कुणीतरी दाखवावं लागतं."

संघाच्या फाटकाशी उतरून तिनं चाळीस रुपये पुढं केले. म्या नको म्हणलं.

"घ्यावेच लागतील. आणि पावती द्या," ती म्हणली. "ती अक्षरं देणारी… मीच आहे."

उत्तरेश्वरचे कान लाल झाले ते संध्याकाळपस्तोर तसेच. माझ्याकडं दुधाच्या पावत्या व्हत्या. नावाच्या जागी 'एक बाई' लिवलं, लिटर रिकामं, फॅट रिकामी, रुपये चाळीस. तिनं ती पावती दोनदा वाचली, घडी घातली आन पर्समधी ठेवली.

नाव तिचं तुळजा. गेवराईकडली. आईबाप ऊसतोडीला जायाचे, ही संभाजीनगरला वसतिगृहात ऱ्हाऊन शिकली. गाईचं तोंड तिला चांगलं ठावं व्हतं. त्या कंपनीचा नेमच कडक. ज्याची पत ठरवायची त्याचा चहा घ्यायचा न्हाई, पाणीबी आपलं आपुन आणायचं. आन कामाला हात लावायच्या आदी एक फारम भरायचा. त्यात एक रकाना, ह्या संस्थेत तुमचं काही नातं हाय का. आमच्याच टेबलावर तिनं 'नाही' लिवलं आन सही केली.

आमचे चेअरमन सुंदरराव आप्पा. माणूस वाईट न्हाई, पर संघ वाचवायच्या घाईत व्हते. त्यांनी उत्तरेश्वरला बाजूला घेतलं. "बाई तुझ्याशी हसून बोलती. जरा गोड बोल बे. तीन बी येतील का बघ."

तिथंच घोटाळा झाला. ह्याला ती आवडलती. पर आता गोड शब्द काढला तर तो संघाचा हुकूम ठरणार. मंग गडी नुसता आकडे बोलायला लागला. किती गाई, किती चारा. तिनं वर बघितलं की हा रजिस्टरात बघायचा.

चहा मात्र ठेवायचा. आल्या माणसापुढं चहा न ठेवायचं आमच्याकडं जमत न्हाई. ती हात लावायची न्हाई, त्याच्यावर साय धरायची, आन मंग तो कप मला यायचा. दोन दिसांत मी अकरा कप पिलो.

एकदा ती त्या सायीकडं बघत म्हणली, "आमच्या आईच्या चहावर अशीच धरायची…"

"घ्या की मंग," उत्तरेश्वर म्हणला.

"नाही घेता येत."

"ठावं हाय."

एवढंच. पर दोघंबी कपाकडं बघत बसले.

दुसऱ्या दिवशी आप्पांनी करू नये ते केलं. छावणीत गाई उरलत्या चौऱ्याऐंशी, आन दाखवायच्या व्हत्या शंभर. उजाडायलाच मला केजकडं त्यांच्या व्याह्याकडं धाडलं. ट्रकच्या दोन खेपा करून सोळा गाई म्याच आणल्या. उत्तरेश्वरला पत्ता न्हाई. त्याला कळलं तवर तुळजा मॅडम दावणीला मोजीत व्हत्या. शंभर भरल्या.

दुपारी पाण्याच्या टँकरनं फाट्यावर हॉर्न वाजवला. आमच्या गाईंला तो हॉर्न पाठ. बसलेल्या उठल्या, साऱ्यांनी हौदाकडं माना काढल्या, दावी ताणली. सोळा गाई तेवढ्या निवांत रवंथ करीत बसल्या.

तिचा पेन थांबला. ती आप्पांकडं गेली न्हाई, सरळ उत्तरेश्वरपुढं आली.

"सेक्रेटरी, ह्या गाई कुणाच्या?"

आप्पा खोकले. मी टायर बघायला लागलो.

"आमच्या न्हाईत," उत्तरेश्वर म्हणला. "सकाळी आल्यात, संध्याकाळी जातील. तुमी चौऱ्याऐंशी लिवा."

"मग दोनच बी येतील."

"येऊ द्या. खोट्या गाईंवर चारा मागितला तर खऱ्या उपाशी ऱ्हातील."

ती त्याच्याकडं बघत ऱ्हायली. फाइल मिटायलासुदिक इसरली. जाताना तिनं आपली बाटली काढली, ती रिकामी व्हती. आमचा माठ तिथंच व्हता. ती तशीच कोरड्या तोंडानं दुरुस्त होऊन आलेल्या जीपमधी बसली.

दोन बी आले. आप्पा आठ दिवस उत्तरेश्वरशी बोलले न्हाईत. पर अहवालात खाली एक ओळ व्हती, की ह्या संस्थेचा सेक्रेटरी नुकसान होत असतानाबी खरं सांगतो. बँकेच्या मॅनेजरनं तेवढ्या एका ओळीवर मागितल्याच्या निम्मं कर्ज दिलं, दीड टक्का चढ्या व्याजानं. उत्तरेश्वरनं सगळ्याचा चाराच आणला. उन्हाळा सरला तवा एकाहत्तर गाई हुब्या व्हत्या. संघ बंद पडला न्हाई.

अहवालावर तिचा नंबर व्हता. म्या म्हणलं, फोन लाव. तो म्हणला, "कावून लावू? पुढल्या साली परत तीच येणार पत ठरवायला. मी फोन केला तर तिचं अक्षर खोटं ठरंल, आन नोकरीबी जाईल." पर आठवड्यातून दोनदा तो अहवाल काढून ती एक ओळ वाचायचा. मला म्हणायचा, व्याज बघतोय.

पुढल्या साली पाऊस बरा झाला. पोळा झाल्यावर पुण्याची जीप आली. उत्तरेश्वरनं नवा सदरा घातलता. जीपमधून एक टकले साहेब उतरले. त्यांनी फारम काढला, नात्याच्या रकान्यात 'नाही' लिवलं, चहाबी नको म्हणले. त्यांनी तीन बी दिले, पर ते पुढं महिन्यानं. त्या दिवशी तीन बीचं कुणाला पडलं व्हतं. उत्तरेश्वर रजिस्टरं दाखवीत व्हता आन पानं उलटी उलटत व्हता.

बाराच्या एस्टीतून तुळजा मॅडम उतरल्या. फाइल न्हाई, जीप न्हाई, नुसती पर्स. आत आल्या, टेबलापुढच्या खुर्चीवर बसल्या.

"चहा मिळेल?"

उत्तरेश्वर उठून उभा ऱ्हायला. "तुमाला… चालतो?"

"आता चालतो. तुमच्या संघाची फाइल माझ्याकडं नाही."

"कावून?"

"वर्षाचा फॉर्म आला होता. तो नात्याचा रकाना…" ती थांबली. "ह्या वेळी हो लिहिलं. तुम्हाला न विचारता लिहिलंय. खोटं असेल तर आत्ताच सांगा. ऑफिसला कळवावं लागतं."

टकल्या साहेबांनी आपली खुर्ची उचलली आन व्हरांड्यात नेऊन ठेवली.

 म्या चहाला उठलो, तर उत्तरेश्वरनं मला हातानं बसवलं आन स्टोव्ह सोता पेटवला. दूध उतू गेलं, तेबी त्याला कळलं न्हाई. कप तिच्यापुढं ठेवला. साय धरायच्या आदीच तिनं उचलला, जीभ भाजली, तरी खाली ठेवला न्हाई.

मंग पर्समधून माझी पावती काढली. घडीवर फाटायला आलती. "ही 'एक बाई' कोण, ते लिहायचं राहिलंय," ती म्हणली.

उत्तरेश्वरनं पावती घेतली.  मंग तिच्याकडं बघतच मला म्हणला, "हरिबा, ते चाळीस रुपये वापस दे. घरच्या माणसाकडून भाडं घेत नसतेत."

म्या खिशातून काढून दिले. ह्या बारीला पावती कुणी मागितली न्हाई.