तळ्यावरचं झाकण

शनिवार म्हणजे इर्याच्या घरी सौनाचा, वाफेच्या आंघोळीचा दिवस. तळ्याकाठच्या त्या लाकडी खोलीत दुपारीच भट्टी पेटायची, तिच्यावरचे दगड तापायचे, आणि वरच्या मजल्यावर भाड्याने राहणारा एडेम बादली घेऊन गोठलेल्या तळ्यावर पाणी आणायला निघायचा. बर्फात पाडलेलं भोक काठापासून हाकेच्या अंतरावर होतं. पाणी काढलं की त्यावर लाकडी झाकण ठेवायचं, एवढीच इर्याची ताकीद असे. घानाहून शिकायला आलेल्या एडेमला म्हाताऱ्या बाईला नुसत्या नावाने हाक मारवत नसे, म्हणून तो तिला ‘इर्याआजी’ म्हणे, आणि ‘आजी असशील तू!’ असं ती दर खेपेला त्याला फटकारी.

त्या शनिवारी एडेमच्या कोटाच्या खिशात एक लहानशी बाटली होती. ताडाची कडक दारू. घरून निघताना वडिलांनीच कपड्यांत गुंडाळून दिलेली. आज तिकडे गावी त्याच वडिलांना पुरत होते. इथला राहण्याचा परवाना नवा व्हायला गेला होता. तो हातात येण्याआधी देश सोडला असता तर परत येणं कठीण होतं, मग सगळ्या शिक्षणावरच पाणी. थोरला मुलगा असून तो बापाच्या मातीला नव्हता. हे त्याला आतून खात होतं. तिकडे काका जमिनीवर दारू ओतून वडिलांना निरोप देतील, तेव्हाच आपणही इथे ओतायची, असं त्याने मनाशी ठरवलं होतं.

पण ओतायची कुठे? अंगणात कमरेएवढा बर्फ आणि त्याखालची माती दगडासारखी. इतक्या उत्तरेला सूर्य तर त्या आठवड्यात उगवलाच नव्हता. दुपारी आभाळाच्या कडेला जरासा निळसर उजेड येई आणि तो पुरता कळायच्या आत विझून जाई. त्या उजेडात उघडं असं एकच दिसत होतं. तळ्यातलं ते काळं भोक.

एडेमने बूट-मोजे काढले. गेलेल्यांशी बोलताना पायात काही चालत नाही, हे त्याला लहानपणापासून ठाऊक होतं. तळव्यांना चटका बसला. त्याने बाटली तिरकी केली.

“बाबा,” तो म्हणाला. पुढचे शब्द त्याने काकांच्या तोंडून कितीदा तरी ऐकले होते. पण तोंडून भलतंच निघालं. “बाबा, मी इथे आहे. मला येता आलं नाही हो. तुम्ही या. एकदा तरी मला भेटायला या...”

तळं हुंकारलं. थंडी वाढली की बर्फ असा आवाज करतो, हे त्याला आता माहीत झालं होतं. त्याचं त्याला काही वाटलं नाही. पण मग वास आला. कोमट खोबरेलाचा. वडील रोज आंघोळीनंतर अंगाला चोळत, त्या तेलाचा.

बूट कसेबसे पायात कोंबून, बादली उचलून तो पळाला.

इर्या टॉवेल खांद्यावर टाकून सौनाकडे निघाली आणि तिने स्वयंपाकघराच्या दारातूनच ओरडून सांगितलं, “झाकण विसरलास, पोरा! मी घालून आले. कुणी पडलं असतं म्हणजे?”

“चुकलं, इर्याआजी,” तो म्हणाला. तो स्वयंपाकघरात शेगडीजवळ हात चोळत बसला होता. तेवढ्यात ताईचा फोन आला. मागे ढोल वाजत होते.

“झालं रे सगळं,” ताई म्हणाली. “माणसं खूप आली होती. पण एक विपरीत झालं. काकांनी ओतलेली दारू जमिनीने घेतलीच नाही. भेगा पडलेली जमीन, आणि दारू वर तशीच! लोक कुजबुजायला लागलेत.”

“मीही इथे ओतली, ताई.”

“बरं केलंस. काय म्हणालास?”

“म्हटलं, बाबा, या. एकदा भेटायला या.”



“या म्हणालास?” ताईचा आवाज चिरका झाला. “अरे मूर्खा, आजच्या दिवशी ‘या’ म्हणतात का? आज ‘जा’ म्हणायचं असतं! इथे काका घसा कोरडा करून तेच सांगत होते, आणि थोरला मुलगा तिकडे बोलावतोय! मग ते कुणाचं ऐकतील?” ती रडायला लागली. “त्यांना थंडी सोसत नाही रे. पावसाळ्यातसुद्धा दोन पांघरुणं लागायची. आत्ताच्या आत्ता सांग त्यांना. म्हण, बाबा, जा. आल्या वाटेने जा.”

दार उघडलं. इर्या ओल्या केसांनी, टॉवेल गुंडाळून उभी होती. सौनातून ती इतक्या लवकर कधीच येत नसे.

“पोरा,” ती हळू आवाजात म्हणाली, “सौनात आलेल्याला आम्ही हाकलत नाही. दिसो, न दिसो. पण हा माझ्या ओळखीतला नव्हता.”

“कोण... कोण होतं?”

“अंधारात माझ्या शेजारी येऊन बसला. मग दगडांकडे सरकत गेला. अगदी चिकटून बसला. भाजेल म्हटलं, तर ऐकेना. एकच शब्द म्हणत होता. वुवो... वुवो...”

एडेम ताडकन उठला. त्याच्या भाषेत ‘वुवो’ म्हणजे थंडी.

तो धावत सौनात शिरला. आत कोणी दिसत नव्हतं. खोबरेल जळाल्याचा वास कोंदला होता, आणि दगडांपाशी कुणाचे तरी दात कडकड वाजत होते. त्या उकाड्यात. एडेमला मिठी मारावीशी वाटली, पण कुठे हात पसरावेत तेच कळेना.

“बाबा,” तो हुंदके देत म्हणाला, “चुकलं माझं. इथे नका थांबू. जा... आल्या वाटेने जा.”

दात वाजायचे थांबले. दार आपोआप उघडलं आणि मिटलं. वास विरला. एडेम फळीवर कोसळून पोटभर रडला. बापाला निरोप दिला, एवढं तरी आपल्या हातून झालं, असं त्याला वाटलं.

बाहेर येऊन त्याने कंदील उचलला. बर्फावर पावलं उमटली होती. अनवाणी, तांबड्या मातीची. त्याच्या गावच्या मातीची. सौनातून निघून ती तळ्याकडे गेली होती. तो त्यांच्या मागोमाग गेला. पावलं भोकापाशी पोहोचली होती.

भोकावर झाकण होतं. इर्याने घातलेलं. एवढ्या वेळात ते चहूबाजूंनी गोठून घट्ट बसलं होतं. त्यावर तांबड्या बोटांचे ओरखडे होते.

तिथून पावलं वळली होती. घराकडे.

एडेम धापा टाकत जिना चढला. त्याच्या खोलीचं दार उघडं होतं. खाटेवर त्याची जाड रजई, तिच्यावर त्याचा कोट, त्यावर खिडकीचा पडदासुद्धा ओढून घेतलेला होता. त्याने धीर करून कोपरा उचलून पाहिला. आत कोणी नव्हतं.

त्याने कोपरा सोडला. रजई तरीही थरथरत होती.