खंडेनवमीला बसवलेलं सील

दसऱ्याच्या सकाळी सुखदा व्हॅन दारात लावून, नव्या साडीचा पदर खोचून तरातरा गॅरेजात शिरली. तळवड्याच्या या गॅरेजात ती काल पहिल्यांदा आली, तीही योगायोगानं. बाबांची जुनी व्हॅन कधीपासून इंजिनाखालून तेल गाळत होती, काल ते वाटेत जास्तच गळायला लागलं आणि समोर हीच पाटी दिसली. बाबा गेल्यापासून तिचा भाऊ निरंजन त्या व्हॅनच्या जिवावरच उठला होता. दसऱ्यापर्यंत गळती थांबली नाही तर गाडी भंगारात, असं त्यानं बजावलं होतं.

आणि आज? व्हॅनला झेंडूचा हार घातला, नारळ फोडला, आणि खाली रांगोळीवर तेलाचा हा थोरला डाग. निरंजननं तिथल्या तिथे भंगारवाल्याला फोन लावला. संध्याकाळी येतोय म्हणे मेला.

गॅरेजचा मालक गणराज, नवाकोरा पांढरा शर्ट घालून, आपट्याची पानं निवडत बसला होता. तिला बघून त्याचा चेहरा खुलला, तसं तिचं डोकं आणखीच फिरलं. कालच तेल अडवायला नवं सील बसवलंत ना, मग गळतंय कसं, म्हणून तिनं त्याला असं फैलावर घेतलं की शेजारचा पंक्चरवाला हातातलं काम सोडून बघत राहिला.

गणराजनं मान खाली घातली. "काल खंडेनवमी होती. माझी सगळी हत्यारं पूजेत. पाने या पंक्चरवाल्याकडून मागून आणले, पण सील सरळ बसवायची लोखंडी नळी... ती पूजेतनं उचलवेना. लाकडाच्या तुकड्यानं ठोकलं. तिरकं बसलं असणार."

"मग नाही म्हणायचं होतंत."

"म्हणणारच होतो. तुमच्या डोळ्यांत पाणी आलं —"

"ते रागानं आलं होतं."

"ते पण कळलं होतं," तो पुटपुटला.

"मग आता बसवा सरळ," सुखदा तणतणली.

त्यानं देवापुढची नळी उचलली. हळदीकुंकू लागलेलं तसंच. पुली काढली, कालचं सील उचकटलं, नव्या सिलाला तेलाचं बोट लावलं आणि नळी टेकवून हलक्या हातानं ठोकत सरळ बसवलं. ती बॅटरीचा उजेड धरून उभी होती, तोंडाचा पट्टा चालूच. पांढऱ्या शर्टाचं पार मातेरं झालं. तिला वाईट वाटलं. ह्याच्या शर्टाचं मला का वाईट वाटावं, म्हणून ती पुन्हा तणतणली.

इंजिन चालू करून खाली पुठ्ठा सरकवला. दोघंही उकिडवे बसून त्याच्याकडे बघत राहिले... पुठ्ठा कोरडा. तिनं निरंजनला फोन केला आणि भंगारवाल्याला येऊ नको म्हणून कळवायला लावलं.

गणराजनं हात पुसून आपट्याचं पान पुढे केलं. "सोनं घ्या."

तिनं घेतलं नाही. व्हॅनमध्ये बसली आणि काच खाली केली.

"सोनं असं गॅरेजात देतात होय? संध्याकाळी घरी या. आई आहे, निरंजन आहे. सगळ्यांसमोर द्या. आणि नाही म्हणायचं असेल, तर या खेपेला तोंडानं म्हणा."

"तुम्हाला नाही म्हणता येत नाही," तो म्हणाला. "कालच बघितलंत ना."

"मग शर्ट बदलून या," ती फणकारली आणि गाडी काढली, हसू दिसायच्या आत.