तोंड धुतलेलं पाणी

आईने तोंड धुतलं आणि म्हणाली, "सांडू नकोस. बाटलीत भर."

खाली इकीके बंदरातल्या आमच्या घरात नळाला दिवसभर पाणी असतं. तरी अंथरुणाला खिळलेली आई इनॅमलचं तसराळं मागून घ्यायची आणि त्यातच तोंड धुवायची. त्या सकाळी तिचं साबणाचं गढूळ पाणी मी सरबताच्या रिकाम्या बाटलीत ओतलं. मृतांचा दिवस होता. बापाची कबर वर, सांता उर्सुलाला. बहीण उबेर्लिंदा कागदी फुलांचं चक्र मांडीवर घेऊन केव्हाची गाडीत बसली होती.

"आपली पाळी राहिलीय," आई म्हणाली. "झाडाला घाल."

"आई, गाव बंद झालं तेव्हा मी पोरगा होतो. आता माझे केस पिकले."

"केसांचं मला सांगू नकोस. घाल."

सांता उर्सुला कंपनीचं गाव. आताकामाच्या वाळवंटात, जिथे पाऊस ही आजोबांनी सांगितलेली गोष्ट, तिथे आमची माणसं खताचा सोरा खणायची. घर कंपनीचं, दुकान कंपनीचं. पगार म्हणून टोकनं मिळायची, ती त्याच दुकानात चालायची. पाणीही तिथूनच विकत. इंग्रज साहेबाच्या टेनिसच्या मैदानावर धूळ उडू नये म्हणून रोज पाणी शिंपडायचे. चौकातल्या झाडाला मात्र कंपनीने थेंब दिला नाही. लोंबत्या फांद्यांचं ते पिमिएंतोचं एकच झाड. ते जगवलं आमच्या बायांनी, तोंड धुतलेल्या पाण्यावर. रोज एक घर. पाळीची पत्र्याची चकती दाराच्या खिळ्याला लटकायची, पाणी घातलं की शेजारच्या दाराला. नियम एकच होता. स्वच्छ पाणी घालायचं नाही, ते कंपनीचं. जे माणसाच्या अंगावरून गेलं ते आपलं.

मग सोऱ्याचा भाव पडला. एका सकाळी भोंगा वाजला नाही, हीच नोटीस. ट्रक आले, गुरं भरावीत तशी माणसं भरली. चकती तेव्हा आमच्या दाराला होती. आई चकती काढून, तसराळं घेऊन झाडाकडे वळली, तर मुकादमाने तिच्या दंडाला धरून तिला वर चढवलं. पाणी उंबऱ्यातच सांडलं. चकती तिच्या मुठीत राहिली होती. चालत्या ट्रकातून तिने ती झाडाच्या दिशेने फेकली.

चढावर गाडी तापली. माझी मासे वाहायची जुनी व्हॅन. रेडिएटरचं टोपण उघडलं तर वाफ. प्यायच्या पाण्याचे कॅन मागे होते, पण वाळवंटात प्यायचं पाणी इंजिनात ओतणारा गाढव, हे आम्ही आईच्या दुधाबरोबर शिकतो. मी आईची बाटली उचलली.

"ते नको," उबेर्लिंदा म्हणाली.

"साबणाचं पाणी आहे. झाड कधीच मेलं असणार."

"आईला काय सांगशील?"

"घातलं म्हणून."

"तू लहानपणापासून असाच. सोपं पडेल ते खरं."

मी ओतलं. इंजिन ते गटागट प्यायलं.

आधी कबरस्तानात जाऊन चक्र लावलं. मग गावात. भंगारवाल्यांनी दारं नेली होती, छपरांचे पत्रे नेले होते. उरल्या होत्या भिंती आणि चौकटी. चौकात पोचलो आणि उबेर्लिंदाने माझी बाही धरली.

झाड हिरवंगार होतं.

खाली राखणदार अनाक्लेतो खुर्ची टाकून बसला होता. "या, मासेवाले," तो म्हणाला. "तुमच्या आधी तुमचा वास पोचला."

मी बुंध्याशी वाकलो. माती ओली होती. बोट लावलं तर बोटाला साबणाचा वास आला.

"तुम्ही घालता का, काका?"

"मला प्यायला पुरत नाही."

"मग येणारे लोक घालत असतील."

"लोक वर्षातून आजच्या दिवशी येतात. फुलं लावतात, मटण भाजतात, रडतात, जातात. झाडाला रोज लागतं." त्याने टोपी पुढे ओढली. "पाळ्या चालू असतात. मी बघत नाही. मला इथे राहायचंय."

"कोणाच्या पाळ्या?"

त्याने कबरस्तानाकडे पाहिलं, मग हनुवटीने आमच्या घराकडे खूण केली. "सध्या तुमची."

आमच्या घराला दार नव्हतं. चौकटीच्या खिळ्याला चकती लटकत होती. तिच्या कडा रोज हाताळलेल्या चमच्यासारख्या झिजून चकचकीत झाल्या होत्या.

गाडीतून प्यायच्या पाण्याचा कॅन आणून उबेर्लिंदाने माझ्या हातात दिला. मी बुंध्याशी ओतला.

पाणी जिरलं नाही.

थुंकी पडायच्या आत सुकते त्या जमिनीवर ते काचेसारखं उभं राहिलं. त्यात फांद्या दिसत होत्या.

अनाक्लेतो उठला. त्याने खुर्ची उचलून काखेत मारली. "हे स्वच्छ आहे," तो म्हणाला. "हे कशाला आणलंत?"

घरी आलो तर आई जागी होती.

"घातलंस?"

"घातलं."

"कसं प्यायलं?"

"गटागट."

तिने डोळे मिटले. "मग बरं. तहानेलं असणार."

त्याच आठवड्यात ती गेली. शेवटची आंघोळ घालायला उबेर्लिंदा बसली होती. तिने मला आत बोलावलं.

"बघ."

साबणाचा ओला फडका तिने आईच्या कपाळावरून फिरवला. पाणी पाऱ्यासारखं घरंगळलं. कपाळ कोरडं. केस कोरडे. खाली तसराळ्यात जमलेलं पाणी नितळ होतं, साबणाचा पापुद्राही नाही.

"घातलं म्हणून सांगितलंस ना तिला," उबेर्लिंदा म्हणाली. त्यानंतर आजवर ती माझ्याशी कामापुरतंच बोलते.

ज्यांनी आमचं गाव भंगारात विकलं ते आपापल्या देशात मऊ बिछान्यात मेले असतील. मेल्यावर त्यांच्या अंगाला पाणीही लागलं असेल. त्यांना शिव्या देण्यात माझी अर्धी हयात गेली, आणि त्या खऱ्याच आहेत. पण बाटली त्यांनी इंजिनात ओतली नाही.

पाळी आता माझी. ती फेडायला तोंड धुतलेलं पाणी लागतं. म्हणून बाजारातून आलो की मी आईचं तसराळं घेऊन बसतो. साबण लावतो. मासळीचं रक्त लागलेले हात त्यातच चोळतो, मान घासतो, कातडी लाल होईपर्यंत. मग पाणी बाटलीत भरतो आणि उजेडात धरून बघतो.

नळातून आलं तसंच असतं.

टॉवेल मी सवयीने घेतो. तो कोरडाच राहतो.