जात्यापाशी फ्रेंच, गोठ्यात जर्मन

म्हशीशी कुणी फ्रेंच बोलतं का? पण ह्यांना मी पहिल्यांदा पाहिलं ते म्हशीशी फ्रेंच बोलताना.

पंचमीला मी वच्छलामावशीकडे सेलूला आले होते. झिमझिम लागलेली. झोक्याचा दोर भिजला म्हणून आम्हा पोरींचा हिरमोड झालेला. घागर आणायला परसात गेले, तर पडक्या कुडापलीकडून आवाज आला. मऊ, नाकातून निघणारा, त्यातला एकही शब्द ओळखीचा नाही. मी डोकावले. डोक्यावर पोत्याची खोळ घेतलेला एक सडसडीत माणूस म्हशीची पाठ घासत होता आणि तिला काहीतरी विचारत होता... अगदी अदबीनं.

मला राहवेना. "तिला मराठी कळत न्हाई का?"

तो दचकला. मग म्हणाला, "मराठीत तिनं समदं ऐकलंय. आता फ्रेंच ऐकवायलोय."

"मग? काय म्हणली?"

"आजून विचार करायलीय." आणि माझ्याकडे बघत त्यानं तेच वाक्य पुन्हा म्हटलं, तितक्याच अदबीनं. मला ओ की ठो कळलं नाही. पण आता ते म्हशीला नव्हतं, एवढं कळलं. घागर तिथंच टाकून मी पळाले.

'तुम्ही बऱ्या आहात ना?' असं ते वाक्य होतं. ते समजायला मला त्या माणसाशी लग्न करावं लागलं.

लग्न मावशीनंच जमवलं. घर चांगलं होतं, थोडी जमीन होती, आणि हे जिनिंगच्या हापिसात कामाला होते. उर्दू शाळेत शिकलेले. पुढं औरंगाबादला कॉलेजात जायचं मनात होतं, पण सासरे गेले आणि ते राहिलं. मग मुंबईहून पोस्टानं पुस्तकं मागवून ह्यांनी घरीच युरोपातल्या भाषा शिकायला घेतल्या. कशासाठी, असं सगळं सेलू विचारायचं. मला एकटीला त्यांनी कारण सांगितलं होतं. इथून कापसाच्या गाठी जातात, मुंबईला बोटीत चढतात आणि कुठल्या कुठल्या देशात उतरतात. "आपल्या कापसाला तिकडं जाता येतं नर्मदे. मग मी निदान तिकडचं बोलून तरी बघू न्हाई का?"

पण नवराबायकोनं थोरामोठ्यांसमोर बोलायचं नाही, अशी आमच्या घरची रीत. सासूबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणते, दिवसभर ओसरीत बसलेल्या. धाकटे दीर सुग्रीवभावजी, त्यांचे गडी, येणारेजाणारे. दोन खणांचं घर. कामाच्या धबडग्यात दिवस उलटायचा आणि ह्यांच्याशी एक शब्द बोलणं व्हायचं नाही. हे समोर जेवत असायचे, मी वाढत असायचे, आणि भाकरी आणखी हवी का, हेसुद्धा मी आत्याबाईंना विचारायचं, आत्याबाईंनी त्यांना.

मग ह्यांनी एक युक्ती काढली. जात्याच्या वरच्या भिंतीवर कोळशानं बारीक अक्षरात चार शब्द लिहून ठेवायचे, शेजारी त्यांचा अर्थ. पहाटे दळताना मी ते ओवीच्या चालीवर म्हणायचे. 'ही कुठली ग ओवी?' असं आत्याबाईंनी विचारलं, तर माहेरची, मानवतची, असं सांगायचे. मानवतच्या बायका भलतंच गातात, असं त्यांचं मत झालं ते आजतागायत आहे. फ्रेंच जात्यापाशी, जर्मन गोठ्यात. इंग्रजी आम्ही मुद्दाम सोडली. ती टपालवाल्याला येत होती.

सहा महिन्यांत आम्ही बोलायला लागलो. भर दुपारी, सगळ्यांदेखत! हे पुस्तक मांडीवर घेऊन मोठ्यानं धडा वाचायचे. घरातल्यांना वाटे, पाठांतर चाललंय. त्यातच मध्ये, त्याच सुरात, माझ्यासाठी एक वाक्य. आज दमलीस का? मी आतून, कणीक मळता मळता उत्तर द्यायचे; पुढं पोर झालं तेव्हा लुगड्याला झोंबणाऱ्या मुंजाला रागावल्यासारखं करून. दमले. मीठ संपलंय. तुमचा सदरा उसवलाय. आणि कधी... तुम्ही आज बरे दिसता.

त्यावर ओसरीत धडा एकदम थांबायचा. आत्याबाई म्हणायच्या, "का रं, इसरलास का?"

"न्हाई आई," हे म्हणायचे. "लय सोपा धडा हाय आज."

दुसऱ्या घरी बायका दागिना मागतात, मी नवीन शब्द मागायचे. पण सोपं नव्हतं ते. मुंजाचे दात, आत्याबाईंचे गुडघे, वेचणीच्या बायकांच्या भाकरी, शेणगोठा, पाणी... एक क्रियापद पाठ करायला मला आठवडा लागायचा, आणि पोर तापलं की केलेलं सगळं पुसून जायचं. हे पुढे निघून जायचे, मी मागं राहायचे. तेव्हा ते थांबायचे. जुनाच धडा पुन्हा पुन्हा वाचत बसायचे, मी पोचेपर्यंत. असं कुणी माझ्यासाठी थांबलेलं नव्हतं कधी.

एक गोष्ट मात्र मी त्यांना दिली नाही. नाव.

नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य घटतं, असं मला आईनं शिकवलेलं. एकदा गोठ्यात धार काढताना हे मागं येऊन उभे राहिले आणि जर्मनमध्ये विचारलं, बाई, तुमच्या नवऱ्याचं नाव काय? मी म्हटलं, त्याचं नाव 'तो'. ते म्हणाले, "परक्या भाषेत घे की. तिकडं त्यानं काय होत न्हाई."

"कशावरून? देवाला समद्या भाषा येतात."

ते हसले. पण मग चरवी उचलताना हळूच म्हणाले, "आई बी घेत न्हाई, तू बी घेत न्हाईस. घरात माझं नाव कोणाच्या तोंडून ऐकूच येत न्हाई बघ..." थोरल्या मुलाचं नाव आईनंही घ्यायचं नसतं. आत्याबाई त्यांना 'थोरल्या' म्हणायच्या.

आज नाही, मी मनात म्हटलं. म्हातारपणी घेईन एकदा.

मग तिकडे हिंदुस्थान स्वतंत्र झाला आणि आम्ही निजामाकडेच राहिलो. सेलूतही सत्याग्रह ठरला. ह्यांचं नाव पुढं होतं. मी आडवी आले नाही. कुठल्या भाषेत येणार होते? तेव्हा आम्ही इटालियन नुकती सुरू केली होती. फक्त वस्तूंची नावं झाली होती, कुणी काही करत असल्याचा एकही शब्द आला नव्हता. त्या सकाळी ओसरीत माणसं जमलेली. हे पुस्तक न उघडता जोत्यावर उभे राहिले आणि आत बघत म्हणाले, "दार." थोड्या वेळानं, "आई." आणि मग... "तू."

दारातून जातो, आईला सांभाळ, एवढं मी लावून घेतलं. 'तू'च्या पुढचं काही लागलं नाही. ते तसंच राहिलं.

संक्रांतीच्या सुमाराला परभणीच्या तुरुंगात मुलाकात मिळाली. मला सहावा महिना होता. मुंजाला घरी ठेवून मी सुग्रीवभावजींबरोबर गेले, पण आत एकटीलाच सोडणार होते. फाटकावर शिपाई प्रत्येकीला कैद्याचं नाव विचारत होता आणि बायका अडून बसल्या होत्या. शेवटी सेलूच्याच कस्तुराबाईंनी तोड काढली. माझ्या ह्यांचं तू सांग, तुझ्या ह्यांचं मी सांगते. असं अदलाबदल करत आम्ही सगळ्या आत गेलो. त्या तसल्या जागीही आम्हाला हसू आलं.

आत मात्र हसू राहिलं नाही. जाळीपलीकडे हे आले. दाढी वाढलेली, गाल बसलेले. माझ्या पोटाकडे नजर गेली आणि तिथंच थांबली. त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी तोंड उघडलं, फ्रेंचचा पहिला शब्द बाहेर पडला, तोच शिपाई पुढं आला.

"मराठी बोलो नै तो उर्दू बोलो. तिसरी जबान चली के मुलाकात खतम."



कसं सांगू? लोकांसमोर एकमेकांशी मराठीत बोलायची आम्हाला सवयच नव्हती. दोन परक्या भाषांत भांडलो होतो, रुसलो होतो. आणि जी जन्मापासून येते तिच्यात एक वाक्य सुचेना. बाजूला कस्तुराबाई नवऱ्याला बी-बियाण्याचं काय करायचं ते विचारत होत्या. आमचा वेळ मात्र चालला होता...

शेवटी हे म्हणाले, "म्हैस कशी हाय?"

"आटली."

"मग तिच्याशी कोण बोलायलंय?"

"कोण न्हाई."

शिपायानं काठी आपटली. उठा. ह्यांनी जाळीला बोटं लावली, आणि फार बारीक आवाजात म्हणाले, "काहीतरी बोल की."

आणि मी त्यांचं नाव घेतलं.

"वैजीनाथ."

एवढंच. अहो नाही, राव नाही. सगळ्या बायका वळून बघायला लागल्या. ह्यांनी डोळे मिटले. शिपाई त्यांना दंडाला धरून नेत होता, तरी ते डोळे मिटूनच चालत गेले, ऐकू येत राहावं म्हणून डोळे मिटतो ना माणूस, तसे.

ती शेवटची भेट. त्यानंतर त्यांना दुसरीकडे हलवलं. कोणी औरंगाबाद म्हणतं, कोणी वरंगळ. चैत्रात पोर झाली. ती त्यांच्यासारखी बघते, हे त्यांना सांगायला कुणी नाही. रझाकारांच्या भीतीनं दिवस मावळायच्या आत सगळं गाव दारं लावून घेतं. आता पुन्हा श्रावण आलाय. दुपारी पोरं निजली की मी हे लिहिते, आणि लिहिताना एकच विचार डोक्यात येतो. मी ते नाव घ्यायला नको होतं. देवाला मराठी तर येतेच.

भाषाही जायला लागल्यात. ते येतील तेव्हा मागं पडलेली दिसू नये म्हणून रोज म्हणून बघते. पण परवा गोठ्यात उभी होते, बाहेर पाऊस होता, आणि जर्मनमध्ये पावसाला काय म्हणतात ते आठवेना. कुणाला विचारू? पंचमीच्या आधी घर पोतारायला काढलं. जात्यावरच्या भिंतीला मी पांढरी माती लावायची टाळत होते. आत्याबाई काठी टेकत आल्या, बघून गेल्या. मग मीच बोळा फिरवला. भिंत काय तशीच ठेवता येते? कोळसा थोडा वेळ मातीतून दिसत राहिला. वाळल्यावर तोही दिसेना.

आज पहाटे दळायला बसले तर समोर कोरी भिंत. फ्रेंच काही ओठांवर येईना. मी मुकाट्यानं खुंटा ओढत होते. आत्याबाई आल्या, गुडघा धरून माझ्यासमोर बसल्या आणि खुंट्याला हात लावला. कित्येक वर्षांत त्या दळायला बसल्या नव्हत्या.

"कस्तुरा सांगत होती," त्या म्हणाल्या. "तू तिथं त्याचं नाव घेतलंस म्हणून."

माझा हात थांबला. आता बोलतील ते ऐकून घ्यायचं, असं ठरवून मी मान खाली घातली.

"ऐकलं का त्यानं?"

"ऐकलं आत्याबाई."

बाहेर वळचणीचं पाणी ठिबकत होतं. मग पदरानं तोंड पुसून म्हणाल्या, "बारशाला त्याच्या आत्यानं कानात नाव सांगितलं, तेवढंच मी ऐकलं. पुढं माझ्या तोंडून एकदा बी न्हाई... लय भ्याले मी. न घेऊन तरी कुठं ऱ्हायला तो घरात? म्हण गं पोरी. मला ऐकू दे."

त्यांनी जातं ओढायला सुरुवात केली, म्हणून मीही ओढलं. एक फेरा गेला, दुसरा गेला, आणि त्या घरघरीत मी म्हणाले,

"वैजीनाथ."

त्यांनी डोळे मिटले. अगदी तसेच.

"आजून एकदा," आत्याबाई म्हणाल्या.