मंगळवारचा मिस्त्री

पंचफुलाच्या शिवणाच्या मशीनने पहिल्यांदा दगा दिला, तो खराखुरा होता. पुढचे सगळे दगे पंचफुलाचे.

चौसष्ट सालची गोष्ट, अकोल्यातली. कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंग कारखान्याच्या शेटजींनी खोली आणि मशिनी दिल्या, सरकारने शिकवायला गोदाबाई दिल्या, आणि मुलींचा शिवणवर्ग सुरू झाला. शेटजींचा आयटीआयशीही करार होता. तिथली फिटरचे काम शिकणारी मुले दर मंगळवारी जिनिंगमध्ये हात बसवायला येत. त्यांतलाच धर्मपाल ती मशीन सुधारायला पेचकस घेऊन वर्गाच्या दारात उभा राहिला, तर त्याच्या भुवया कापसाच्या तुसाने पांढऱ्याशुभ्र!

पंचफुलाला हसू आवरेना.

“हसून काहून राहिल्या?”

“काई नाई... आजोबा, तुमाले मशीन दिसते ना?”

“चष्मा इसरलो,” तो गंभीरपणे म्हणाला. “तुमीच दाखवा, कुठं दुखते तिले.”

दुखणे बॉबिनच्या डबीत होते. एक इवलासा स्क्रू ढिला झाला होता. त्याने तो पेचकसाने पिळला, तिला दाखवला, आणि गेला. पंचफुला मात्र दिवसभर चुकलेली शिलाई उसवत बसली.

पुढच्या मंगळवारी तिने कैचीच्या टोकाने तोच स्क्रू हळूच ढिला केला. पोरगी बिलंदर म्हणाल, तर होतीच! मग दर मंगळवारी दोरा गुंतायचा, धर्मपाल यायचा, आणि पाच मिनिटांच्या कामाला अर्धा तास लागायचा.

माघ सरत आला तेव्हा गोदाबाईंनी बातमी आणली.

“जिनिंगवाले एकच पोरगा कायम करणार हायेत. धर्मपालले नाई घेत म्हणे. एकच मशीन आठ खेपा सुधरवली, तरी बिघडतेच. मोठे मिस्त्री भगवंतराव म्हणतात, हात कच्चा हाय. आता जाईन बिचारा भिलाईले, पोलादाच्या कारखान्यात.”

पंचफुलाने मशीनमधून बॉबिनची डबी काढली. आपल्या खेळापायी त्याची भाकरी जाणार! डबी आणि कैची मुठीत धरून ती तडक जिनिंगच्या आवारात गेली. भगवंतराव कामगारांत उभे होते, आणि बाजूला मान खाली घालून धर्मपाल.

“काका, याइचा हात पक्का हाय. हे पाहा...” तिने सगळ्यांदेखत स्क्रू ढिला केला. “दरखेपी मीच करत होती.”

“काहून वं पोरी?”

तिचे कान तापले. आता खोटे बोलून चालणार नव्हते.

“ते यावेत म्हणून.”

कामगार खो-खो हसले. भगवंतरावांनी मिशीतल्या मिशीत खोकून घेतले. “मंग याले ठेवाच लागते,” ते म्हणाले, आणि शहाण्या माणसासारखे सगळ्यांना घेऊन आत गेले.

“मले दुसऱ्याच खेपेले समजलं होतं,” धर्मपाल हळूच म्हणाला. “स्क्रूवर कैचीचे ओरखडे होते.”

“अन् बोलले नाई? नोकरी गेली असती ना तुमची!”

“बोललो असतो, तं तुमी स्क्रू ढिला केला नसता...”

पंचफुलाला रडूही आले आणि हसूही. तिने पदराच्या टोकाने त्याच्या भुवईवरचे तूस टिपले.

“आता मंगळवारची वाट नाई पाहत,” तो म्हणाला. “रविवारी मायले घेऊन तुमच्या घरी येतो.”

“या,” ती म्हणाली. “पण पेचकस घरी ठेवून या.”