वारा शून्य

ऑक्टोबरात न्यूयॉर्कहून साउदॅम्प्टनला बोटीनं जायचं तर हवा कशी असेल? विचाराल तर सरळ सांगतो. पहिले दोन दिवस उबदार, डेकवर शालसुद्धा लागत नाही. न्यूफाउंडलंडच्या खाली पोचलात की गारठा, कधी धुकं. पुढे पश्चिमेकडून एकामागून एक वादळी पट्टे, तीन-चार मीटरच्या लाटा, पण वारा पाठीमागून. शेवटी इंग्लंडची रिमझिम. पोटात ढवळतं, मरत कोणी नाही.

शैलजाला मी हे सांगितलं नाही.

मी शशिकांत. राहणार ट्रॉय, मिशिगन. एका गाड्यांच्या कंपनीच्या टेस्टिंग लॅबमध्ये एकतीस वर्षं काढली. गाडी थंडीत गोठवायची, उन्हात भाजायची आणि तक्ता भरायचा, पेन्सिलीनं. तक्त्यातला चौकोन रिकामा सोडायचा नाही हा लॅबचा नियम. रीडिंग बदलत नसेल तर शेवटच्या ओळीपर्यंत सरळ रेघ ओढायची आणि टोकाला बाण काढायचा. म्हणजे इथून पुढे वरीलप्रमाणे.

रिटायर झाल्यावर मागच्या अंगणात वारा मोजायचं यंत्र बसवलं. आमच्या मंडळाची पिकनिक माझा अंदाज आल्याशिवाय ठरत नाही. आणि माझी बायको मला न विचारता क्रूझ बुक करून मोकळी! सोबत तिची धाकटी बहीण उत्तरा, प्लेनोहून येणार. मला पाण्याची भीती वाटते, मी उगाच मोडता घालेन, म्हणून विचारलं नाही म्हणे. चाळीस वर्षांच्या संसारात इतका राग मला कधी आला नव्हता. वरून शैलजा म्हणाली, हवामानाचा अंदाज तेवढा लिहून द्या.

दिला. लॅबचा जुना कोरा तक्ता घेतला, एकतीस ओळींचा, आणि डोकं शांत ठेवून खोटं लिहिलं. पहिला दिवस: चिकट उकाडा. दुसरा: पिवळट आकाश, पक्षी डेकवर येऊन बसतील. तिसरा: दाट धुकं, दिवसभर भोंगा. चौथा: उत्तरेकडून नऊ मीटरच्या लाटा. पाचवा: भर दुपारी बोराएवढ्या गारा. सहावा: डावीकडून एकच लाट, वीस मीटर. ती घाबरून कॅन्सल करेल अशी माझी खात्री होती.

तिनं तक्ता शांतपणे वाचला, फ्रिजवर चुंबकानं लावला आणि विचारलं, "सातवा दिवस?"

"तिथवर टिकलात तर कळवतो," मी म्हणालो.

तिला एअरपोर्टवर सोडायला गेलो तेव्हाही मी गाडीतून उतरलो नाही.

रोज बोटीवरच्या दुपारी बाराला हवा कळवायची, एवढं मात्र तिनं पाळलं. पहिल्या दिवशी मेसेज आला, ‘फार उकडतंय. अंगाला कपडे चिकटतायत.’ असेल. दुसऱ्या दिवशी तिनं फोटो पाठवला. खुर्च्यांच्या पाठींवर ओळीनं काळे पक्षी आणि मागे हळदीच्या पाण्यासारखं आकाश. तिसऱ्या दिवशी, ‘धुकं. भोंगा थांबत नाहीये, डोकं उठलं.’ तिथे धुकं पडतंच, मी स्वतःला बजावलं.

चौथ्या दिवशी, ‘लाटा उत्तरेकडून. कॅप्टन म्हणतो, नऊ मीटर.’

मी समुद्राचे सगळे नकाशे उघडले. बोटीच्या आसपास पाचशे मैलांत तीन मीटरच्या वर लाट नव्हती. म्हटलं, बाईसाहेब माझ्याच तक्त्यातलं मला ऐकवतायत, सूड उगवतायत. थोडं हसूही आलं. पाचव्या दिवशी सकाळी आठला, म्हणजे तिकडे बाराला, मेसेज आला, ‘बोराएवढ्या गारा.’ आता मात्र मी उत्तराला फोन लावला, हा पोरकटपणा बंद करा म्हणून सांगायला.

फोनमध्ये पत्र्यावर खडे ओतावेत तसा आवाज येत होता. उत्तरा रडत होती. शैलजा आदल्या दिवशी डेकवर घसरली होती, कपाळाला चार टाके पडले होते. "भावजी," उत्तरा म्हणाली, "ताई सारखी विचारतेय, उद्याचं तुम्ही खरंच लिहिलंय का?"

वीस मीटर. मी लिहिलं होतं, माझ्याच अक्षरात, मजेत.

तक्ता फ्रिजवरून ओढून काढला. सहावी ओळ खोडरबरानं खोडली, कागद फाटायला आला तेव्हा थांबलो. तिथे लिहिलं: ‘हवा छान. वारा शून्य. लाट शून्य.’ सातवा चौकोन रिकामा होता. एकतीस वर्षांची सवय सुटत नाही. मी पट्टी घेतली, वरीलप्रमाणेची रेघ तळापर्यंत ओढली आणि टोकाला बाण काढला. मग टेबलावर डोकं टेकून लहान मुलासारखा रडलो.

सहाव्या दिवशी, ‘हवा छान. समुद्र सपाट. लोक टाळ्या वाजवतायत.’

सातव्या दिवशी, ‘हवा छान. समुद्र सपाट.’

आठव्या दिवशी बोट वेळेवर साउदॅम्प्टनला लागली आणि उत्तराचा फोन आला. उतरायच्या रांगेत ताई माझ्या मागेच होती, उत्तरा म्हणाली, मी वळून बघितलं तर नव्हती. सगळी बोट धुंडाळली. कठडा छातीएवढा उंच, समुद्र काचेसारखा, असल्या हवेत माणूस पडत नाही, असं बोटीवरचे अधिकारी पुन्हा पुन्हा सांगत होते. तिचा फोन केबिनच्या तिजोरीत बंद सापडला.

उत्तरा रडत हे सांगत होती तेवढ्यात माझ्या हातातला फोन थरथरला. सकाळचे सात. ‘हवा छान. समुद्र सपाट.’

उत्तरा परतली तेव्हा तिला मेसेज दाखवले. तिनं ते वाचले, मला शैलजाचा फोन दिला आणि प्लेनोला निघून गेली. ती आता माझा फोन उचलत नाही. शैलजाचा फोन माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. मी तो चार्ज केलेला नाही.

मेसेज रोज येतो. मी आठव्या ओळीत ‘साउदॅम्प्टन, रिमझिम’ लिहून पाहिलं. रेघ त्या अक्षरांवरून गेलेली होती. मेसेज तोच आला.

मग एकदा हिय्या करून रेघच खोडली.

सकाळी सात वाजले. आठ वाजले. काही नाही.

अख्खा दिवस मी फोनसमोर बसून होतो. ऊन उतरायला लागल्यावर राहवेना, पट्टी घेतली आणि रेघ होती तशी ओढली. दुसऱ्या दिवशी सातला मेसेज आला.

‘हवा छान. समुद्र सपाट. काल काहीच नव्हतं. डेकसुद्धा नव्हता. असं पुन्हा करू नका.’

तेव्हापासून खोडरबर घरात ठेवत नाही. महिना संपला की नवा तक्ता लावतो आणि रेघ पुढे नेतो. मंडळाला हवामान सांगणं बंद केलं. अंगणातलं यंत्र उतरवून टाकलं, त्याचं फिरणं बघवत नव्हतं. निदान तिला हवा चांगली आहे, असं मनाशी म्हणत दिवस ढकलतो.

आज सकाळी सातला मेसेज आला.

‘अहो, रागावू नका. हवा छानच आहे. पण आता थोडं वारं येऊ द्या.’

तक्ता समोर आहे. पेन्सिलला टोक करून ठेवलं आहे. थोडं म्हणजे किती, ते तिनं लिहिलेलं नाही.