दुधाळ कडेचं जेड

"अहो! काय करताय तुम्ही तिथे?"

धनलक्ष्मी ओले कपडे वाळत घालायला गॅलरीत आली आणि जागीच थबकली. तिच्या कुंडीपुढे एक अनोळखी तरुण उकिडवा बसला होता. त्याच्या ओंजळीत... तिच्या जेडच्या झाडाचे शेंडे! हिरव्या पानांना दुधाळ कड असलेले, तिने जिवापाड जपलेले शेंडे त्याने एकूण एक खुडले होते. कुंडीत उरलं होतं बोडकं खोड आणि एक साधी हिरवी फांदी.

"केवडा पडलाय की ह्याला," तो शांतपणे म्हणाला. "आमच्यात भेंडीवर पडतो, तसला रोग. पिवळं दिसलं की खुडून टाकायचं, न्हायतर सगळं रान जातं."

"रोग नाही तो! रंगच तसा आहे त्याचा!"

"रंग?" त्याने ओंजळीकडे पाहिलं. "अरारा... लई वंगाळ झालं मग."

धनलक्ष्मीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सोलापूरच्या पूर्व भागातलं तिचं घर तीन खोल्यांचं आणि माणसं सहा. कपाट बहिणीबरोबर वाटून घ्यायचं, मोबाइलसुद्धा भाच्यांच्या हातात. तिचं एकटीचं म्हणावं असं घरात काही असेल, तर ते हे झाड. आणि हा कोण कुठला येऊन ते साफ करून बसला होता!

तो होता गुरुराज. मूळचा वळसंगचा, होटगी स्टेशनवर गाड्यांचे रूळ बदलणारा पॉइंट्समन. त्याच गॅलरीतली टोकाची खोली त्याने कालच भाड्याने घेतली होती. शेतकऱ्याचं पोर, हात स्वस्थ बसेनात.

"परत लावलं तर लागंल का?" त्याने भीत भीत विचारलं.

"आधी सावलीत वाळवायचे. खुडलेली जागा सुकली की मग वाळू मिसळलेल्या मातीत रोवायचे. आणि पाणी अजिबात घालायचं नाही."

"रोप लावून पाणी न्हाय?"

"नाही म्हणजे नाही! कुजतं ते."

त्या दिवसापासून तो ड्युटीवरून आला की आधी कुंडीपाशी यायचा. धनलक्ष्मीही शाळांचे गणवेश शिवायच्या कारखान्यातून त्याच सुमारास परतायची.

"हात लावू नका."

"बघतोय नुसता."

"बघायचं पण नाही."

"मग कुटं बघू?" तो तिच्याकडे पाहत विचारायचा, आणि तिचे कान गरम व्हायचे. त्याचा तर तिला आणखीच राग यायचा. तो रात्रपाळीला असला की संध्याकाळची गॅलरी ओकीबोकी वाटायची. मग ती रेल्वेवर चिडायची.

सोलापुरात नळाला रोज पाणी कुठलं? पाण्याचा दिवस आला की साठवलेलं शिळं पाणी कुंड्यांत जातं, कारण पाणी मोरीत ओतायला कुणाचा हात धजत नाही. अशाच एका दिवशी धनलक्ष्मीची आई, अम्मा, भरलेली बादली घेऊन बाहेर आली आणि ती थेट जेडवर उलटी करू लागली. कडक इस्त्रीच्या गणवेशात गुरुराज ड्युटीला निघाला होता. ओरडायलाही वेळ नव्हता. तो कुंडीवर ओणवा झाला आणि अख्खी बादली त्याने पाठीवर घेतली.

"अय्यो देवा!" अम्मा किंचाळली.

धनलक्ष्मी धावत आली. "वेड लागलंय का तुम्हाला? असे ओलेचिंब जाणार आता ड्युटीवर?"

"पाणी घालायचं न्हाय म्हणाला होता की तुमी."

तिने त्याच्या अंगावर टॉवेल फेकला. ती पाय आपटत घरात निघून गेली.

शेंड्यांनी जीव धरला. एका संध्याकाळी दोन इवली पानं फुटलेली दिसली, दुधाळ कडेची! ती हरखून वळली, पण गुरुराजचं तोंड उतरलेलं होतं.

"बदली झाली माझी. जेऊरला. सोमवारी निगायचं."

"कुणाला विचारून?"

"रेल्वेनं मला तरी कुटं विचारलंय?"

"म्हणजे माझं झाड मोडायचं, इथे बसून रोज माझं डोकं खायचं, आणि आता—" तिचा आवाज फुटला. त्याचाही तिला संताप आला.

"अजून राग हाय व्हय?"

"आहे! तुम्ही आलात की राग येतो, नाही आलात की जास्त येतो. आणि आता तर..."

"मी तेच ऐकायला येत हुतो," तो हळूच म्हणाला. "झाड काय एका दिवसात वाढत न्हाय, येवढं शेतकऱ्याच्या पोराला कळतंय की."

ती कुंडीकडे वळली. मग फणकाऱ्यानेच म्हणाली, "तिकडे पूर्वेच्या खिडकीची खोली बघा. सकाळचं ऊन लागतं त्याला. दुपारचं सोसत नाही."

"झाड देणार मला?"

"तुमच्या हाती? एकटं?" तिने डोळे वटारले. "मी येणार त्याच्याबरोबर."

गुरुराज पाहतच राहिला. "घरचे... दोनीकडचे लई भांडतील."

"माझ्या घरी मी भांडते. तुमच्या घरी तुम्ही भांडा, आणि जरा आवाज चढवून! नीट रागावता तरी येतं का तुम्हाला?"

"न्हाय येत," तो म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते आणि तो हसत होता. "शिकवा की."